चिंतेसाठी मायक्रोडोसिंग करून पाहावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २३, संभाजीनगरला अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी, छातीत धडधड, झोप नाही. पुण्याचा मित्र सांगतो, एलएसडीच्या (भास घडवणारं नशेचं औषध) कागदाचा दहावा तुकडा दर तिसऱ्या दिवशी घे, यालाच मायक्रोडोसिंग म्हणतात, नशा होत नाही आणि चिंता जाते. घ्यावा का?

नको. माझं बीडकडं मेडिकल आहे. तू पुतण्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

मित्र अगदीच थापा मारत नाही, पण त्यानं सरमिसळ केलीय. कायम चिंतेत राहण्याच्या आजारावर एलएसडीची चाचणी अमेरिकेत खरंच झाली, २०२५ ला निकाल छापून आला. रुग्ण १९८. काहींना नुसतं दिखाऊ औषध (आत काहीच नसलेलं), बाकीच्यांना २५, ५०, १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम, तेही एकदाच, देखरेखीखाली. ठळक गुण आला तो १०० आणि २०० वाल्यांना. २५ वाले दिखाऊ औषधवाल्यांच्या पुढं गेले नाहीत. आणि अख्ख्या कागदावर १०० धरले, तरी दहाव्या तुकड्यात तुला मिळणार १०! लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं २०२१ मध्ये घरी मायक्रोडोस घेणाऱ्या १९१ जणांना कॅप्सूल अशा भरायला लावल्या, की आज औषध पोटात गेलं की रिकामी कॅप्सूल, हे त्यांनाच कळू नये. बरं दोन्हीकडं वाटलं, जवळपास सारखंच. ज्याला वाटलं 'आज खरी घेतली', त्याला जास्त बरं वाटलं.

आता माझ्या धंद्यातलं. सोनाराचा चांगला काटा मिलिग्रॅम दाखवतो. मायक्रोग्रॅम म्हणजे त्याचाही हजारावा भाग. कात्रीनं कागदाचे दहा तुकडे केलेस तरी औषध त्यात सारखं भिनलेलं नसतं. एकात काहीच नाही, दुसऱ्यात चौपट. शिवाय एलएसडी म्हणून विकलेल्या कागदावर एनबोम नावाचं भलतंच रसायन निघालंय, त्यानं माणसं मेलीत. कायद्याचंही ऐक: लहान मात्रा सापडली तरी एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारी नोकरीची तयारी करतोयस ना?

मला खरी भीती दुसरीच आहे. अशा चाचण्यांत घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा (भास-भ्रम होण्याचा) आजार असेल तर त्या माणसाला सहसा घेतच नाहीत, कारण अशा औषधानं तो आजार उफाळू शकतो. आपल्याकडं हे विचारणार कुणाला? चुलत्याला 'बाहेरचं झालंय' म्हणून दर्ग्यावर नेलं, आत्याच्या 'अंगात येतं', आजोबा 'सटकून' घर सोडून गेले, एवढंच कानावर असतं. सगळेच आजारी होते असं नाही. पण निदान कधी झालंच नाही, तर घरात कुणाला काही नव्हतं हे तू छातीठोकपणे सांगू शकत नाहीस.

बरं, मग करायचं काय? घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढ. थायरॉइड तपासून घे, त्यानंही धडधड होते. डॉक्टर बहुधा एस्सिटॅलोप्रॅमसारखी चिंतेवरची गोळी देतील, समुपदेशनाला पाठवतील. गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी बेचैनी वाढू शकते. तिथंच बरीच पोरं सोडून देतात. चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलॅम (लगेच शांत करणारी, झोप आणणारी गोळी) मागायला येतात तीच पोरं पुढं. मी देत नाही, तूही कुठं मागू नको, सवय लागते. गावात कळेल ही धास्ती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आधी नुसतं बोलायचंय? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरव. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. आणि अभ्यासिकेतला रात्रीचा चहा कमी कर बाबा.

तुकडा आधीच घेऊन झाला असेल, तर डॉक्टरांना तेही सांग, लपवू नको. विशेषतः लिथियम (मनाच्या तीव्र चढउतारांवरची गोळी) चालू असेल तर. ती एलएसडीबरोबर घेतल्यावर आकडीचे झटके आल्याच्या नोंदी आहेत.