फडक्याला थिनरचा वास

प्रश्न : नववीतल्या मुलाच्या दप्तरात पंक्चर सोल्युशनच्या रिकाम्या ट्यूब आणि वास मारणारी फडकी सापडली. सायकल तर घरात नाही. काय समजावं? – एक आई, निपाणी

उत्तर : ताई, नशेचा संशय रास्त आहे. सोल्युशन, थिनर हुंगणाऱ्या मुलाच्या नाका-ओठांभोवती पुरळ उठतं, श्वासाला, बाहीला रसायनाचा वास येतो, डोळे लाल होतात, भूक मरते. नशा काही मिनिटांतच उतरते, म्हणून घरी येईपर्यंत मूल शुद्धीवर दिसतं. फसगत इथेच होते.

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्याही मोजा. कोडीन (अफूच्या वर्गातलं द्रव्य) असलेल्या औषधाने डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, पेंग येते, बद्धकोष्ठ होतं. (परीक्षेच्या जागरणाचं कारण दर वेळी मानू नका.)

हुंगताना सापडला तर ओरडू नका, पाठलाग तर मुळीच नको. या रसायनांनी हृदय नाजूक झालेलं असतं. धसक्याने ठोके बिघडून तिथेच मृत्यू येऊ शकतो. खिडक्या उघडा, शांत बसवा. बेशुद्ध झाला, पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

बोलणं दुसऱ्या दिवशी. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मिळतात; १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.