सात इंची चकती, चार इंची मशीन

(वागळे इस्टेटीतल्या एका टूलरूममध्ये 31 वर्षं काढून निवृत्त झालेला फिटर दर महिन्याला वाचकांच्या मशीनविषयीच्या शंकांना उत्तरं देतो.)

प्रश्न : गॅलरीची गंजलेली ग्रिल स्वतःच कापून काढायचा विचार आहे. माझ्याकडे 4 इंची ग्राइंडर आहे. फॅब्रिकेशनवाल्या मित्राने 7 इंची मशीनच्या झिजलेल्या चकत्या फुकट दिल्या आहेत. गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढलं की त्या बसतात. भोक मोठं आहे, पण वॉशर घालून भागतं म्हणतो. काका, चालेल ना? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही चालणार. एकदा चष्मा लावून त्या चकतीवरचे बारीक आकडे वाचा. 7 इंचीवर मिनिटाला 8,500 च्या आसपास फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. तुमचं मशीन रिकामं फिरताना 11,000 ते 12,000 फेऱ्या घेतं.

आता तुमचा मित्र म्हणेल, चकती झिजून लहान झाली की कडेचा वेग कमी होतो. कागदावर खरं आहे त्याचं. 5 इंचांवर आलेली चकती 12,000 फेऱ्यांना सेकंदाला 80 मीटरच्या घरात जाते, म्हणजे कडेच्या वेगाच्या मर्यादेत, तीही जेमतेम. पण हा हिशेब चकती बरोबर मध्यावर बसली आहे, असं धरून केलेला. 7 इंचीचं भोक 22 मिलिमीटरचं, तुमच्या मशीनला लागतं 16 चं. वॉशर घालून तुम्ही ती दाबून बसवाल, मध्यावर कशी आणाल? तीन मिलिमीटर जरी सरकली तरी मशीन हातात थरथरायला लागतं. त्यात ही चकती कोणाच्या गाळ्यात, कुठल्या ओलीत पडली होती आणि तिच्यावर काय काय आपटलं, कोण सांगणार? आणि एवढं सगळं गार्ड काढून.

हेच मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडच्या एका पोऱ्याने असंच गार्ड काढून मशीन चालवलं. मी समोरच उभा होतो, खाली पडलेली मोजपट्टी उचलायला वाकलो आणि फट्‌ असा आवाज आला. चकतीचा तुकडा छपराच्या सिमेंट पत्र्याला भोक पाडून गेला. तो पावसाळाभर तिथून पाणी गळायचं आणि आम्ही खाली बादली ठेवायचो. मालकाने पत्रा दिवाळीनंतर बदलला, तो विषय वेगळा.

तेव्हा 4 इंची, 1.2 मिलिमीटर जाडीची नवी चकती आणा. दोन-तीन वडापावच्या पैशांत येते. मध्ये पत्र्याची कडी असते, तिच्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर तेही बघा. चकती बदलताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. बसवल्यावर अर्धा मिनिट रिकामी फिरवा, तोंड बाजूला ठेवून. कापायला लागाल तेव्हा चकतीच्या रेषेत उभं राहू नका.

ग्रिलची गंमत वेगळीच असते. सळई कापत आली की वरचं वजन खाली बसतं, चीर मिटते, चकती चिमटीत सापडते आणि मशीन तुमच्याकडे उसळतं. म्हणून ग्रिल आधी दोरीने किंवा लाकडाच्या टेकूने धरून घ्या आणि सगळ्यात शेवटी वरच्या सळया कापा. डोळ्यांना सेफ्टी गॉगल हवा, रोजचा चष्मा पुरत नाही. खालच्या मजल्यावर आधी सांगून या. ठिणग्यांनी वाळत घातलेल्या साड्यांना भोकं पडतातच, पण खाली उभ्या गाडीच्या काचेवर त्या चिकटून बसतात आणि पुसून जात नाहीत. ऐरोलीत गाड्या कुठे लावतात ते तुम्हाला माहीत आहेच.

प्रश्न : शेल्फसाठी होल मारायला ड्रिल घेतलंय. मिस्टर म्हणतात हातमोजे घालून कर. घालू का? — एक वाचक, नौपाडा

उत्तर : नको, ताई. चकापाशी, म्हणजे बिट धरणाऱ्या फिरत्या तोंडापाशी, सुती मोजा गुंतला तर बोट सोडवायला वेळ मिळत नाही. मोजे काचेचे तुकडे उचलायला ठीक. ओढणी काढून ठेवा, केस बांधा, मंगळसूत्र ब्लाऊजच्या किंवा कुर्त्याच्या आत घाला. चकाची चावी वापरून झाली की लगेच काढा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली होल मारू नका. वायरचा पाइप बहुधा त्याच रेषेत भिंतीत गेलेला असतो. स्क्रूची गिट्टी दोन इंच बाजूला गेली म्हणून शेल्फ काही पडत नाही.

प्रश्न : नव्या ड्रिलला दोनच पिना आहेत, अर्थिंग नाही. दुकानदार म्हणतो चालतं. खरं का? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुकानदार खरं बोलतोय. आतली इन्सुलेशन दुहेरी असते, अर्थिंग लागत नाही. माझ्याकडचं जुनं लोखंडी बॉडीचं ड्रिल मात्र तीन पिनांचं आहे. तिसरी पिन कापून ते दोन पिनांच्या सॉकेटात घुसवणारे शेजारी मला भेटलेत.

पण दुहेरी इन्सुलेशनलाही पाणी चालत नाही. जुलैत गॅलरीत, ओल्या लादीवर उभं राहून, भिजलेलं मशीन चालवू नका. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो वायर तापू नये म्हणून असतो, तुमच्या अंगातून जाणारा एवढासा करंट त्याला कळतही नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. नाही गेली तर आधी वायरमनला बोलवा, मला पत्र नंतर लिहा.