सॉडर कुटुंबाची पाच मुलं आगीत जळाली की पळवली गेली?

प्रश्न असा आहे: "१९४५ साली अमेरिकेत सॉडर कुटुंबाच्या घराला आग लागली, पण पाच मुलांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. ती मुलं जळाली की कुणी पळवली? तुम्हाला काय वाटतं?"

उत्तराआधी एक आठवण सांगतो. आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. तिसऱ्या दिवशी काकांबरोबर राख सावडायला गेलो. मला वाटलं होतं, नुसती राख असेल, गाडग्यात भरायची आणि निघायचं. काकांनी पाणी शिंपडलं, हाताने राख बाजूला सारली आणि खालून हाडं निघायला लागली. पांढरी, हलकी, धरली की कड मोडायची, पण ओळखू येत होती. हा मणका, हा मांडीचा तुकडा, हा दात. चिता रात्रभर जळली होती तरी. सॉडरचं घर पाऊण तासात कोसळलं होतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इतरांसारखा गूढ फोनवर अडकलो नाही, थेट हाडांवरच अडकलो.

आता प्रसंग. वेस्ट व्हर्जिनियातलं फेएटव्हिल, कोळशाच्या खाणींचा मुलूख. जॉर्ज सॉडर इटलीतल्या सार्डिनिया बेटावरून तेराव्या वर्षी अमेरिकेत आलेला. पुढे त्याने स्वतःचा ट्रकचा धंदा उभा केला. बायको जेनी, मुलं दहा. एक मुलगा सैन्यात, बाकी नऊ घरी. जॉर्ज इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याला उघड शिव्या घालायचा आणि तिथल्या इटालियन वस्तीत हे सगळ्यांनाच रुचत नव्हतं.

२४ डिसेंबरची रात्र. मोठ्या मुलीने आपल्या पगारातून धाकट्यांना खेळणी आणली होती, म्हणून त्यांनी आणखी थोडा वेळ जागायची परवानगी मागून घेतली. साडेबाराच्या सुमाराला फोन वाजला. जेनीने उचलला तर एक अनोळखी बाई भलत्याच कुणाची तरी चौकशी करत होती, मागे हसण्या-खिदळण्याचा आणि पेल्यांचा आवाज. राँग नंबर म्हणून जेनीने ठेवून दिला. पण परतताना तिला दिसलं की दिवे चालूच आहेत, पडदे ओढलेले नाहीत, दाराला कडी नाही. एरवी ही कामं मुलं झोपायला जाताना करायची. मोठी मुलगी सोफ्यावरच झोपलेली. बाकीचे वर गेले असतील असं समजून जेनीने सगळं बंद केलं आणि ती पडली. मग छपरावर काहीतरी आदळून गडगडत गेल्याचा आवाज तिने ऐकला, पुन्हा डोळा लागला आणि थोड्या वेळाने जाग आली ती धुराने.

आईबाप आणि चार मुलं बाहेर पडली. मॉरिस (१४), मार्था (१२), लुईस (९), जेनी (८) आणि बेटी (५) ही पाच वरच्या मजल्यावर राहिली, म्हणजे वर असावीत असं सगळ्यांनी धरलं. जिना पेटला होता. खिडकी फोडून आत शिरताना जॉर्जचा हात कापला. नेहमी भिंतीला टेकून असणारी शिडी जागेवर नाही. ट्रक भिंतीला लावून वर चढावं, तर आदल्या दिवशी नीट चालणारे दोन्ही ट्रक सुरूच होईनात. पाण्याचं पिंप थंडीने गोठलेलं. बंब अवघ्या चारेक किलोमीटरवर होता, पण आला सकाळी आठला! प्रमुखाला गाडी चालवता येत नव्हती, तो चालवणाऱ्याची वाट बघत बसला होता.

आणि इथून पुढचा भाग मला आगीपेक्षा भयंकर वाटतो. दोनेक तास राख उकरून सांगितलं गेलं की काही सापडत नाही, मुलं पूर्ण जळून गेली. जागा तशीच ठेवा, राज्याचे अधिकारी येऊन तपासतील, असं जॉर्जला सांगितलं होतं. पण रोज ते दृश्य बघवेना म्हणून चौथ्या दिवशी त्याने त्यावर बुलडोझरने पाच फूट माती लोटली, मुलांचं स्मारक म्हणून. ३० डिसेंबरला मृत्यूचे दाखले हातात. आगीचं कारण काय, तर सदोष वायरिंग. आपल्याकडे माणूस बेपत्ता झाला तर कायदा सात वर्षं थांबतो आणि मग त्याला मेलेला धरतो. इथे एकही हाड हाती नसताना आठवड्याच्या आत पाच दाखले!

मग संशय येणारच. एका विमा एजंटने विमा नाकारल्यावर "तुझं घर धुरात जाईल, मुलं राहणार नाहीत" अशा अर्थाची धमकी काही महिन्यांपूर्वी जॉर्जला दिली होती, आणि आगीचं कारण ठरवणाऱ्या ज्यूरीत हाच गृहस्थ बसला होता. शिडी पुढे जवळच्याच उतारावर फेकलेली सापडली. टेलिफोनची तार जळलेली नसून कापलेली होती. यावर मात्र नेटवरचे व्हिडिओवाले अर्धंच सांगतात. त्या रात्री तिथून सामान चोरताना दिसलेल्या एका माणसाने, विजेची तार समजून ती आपणच कापली, असं कबूल केलं होतं. विजेची तरी का कापायची होती, हे त्याला धड कुणी विचारलेलं दिसत नाही.

जेनीने जे केलं ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ती कोंबडीची, गाईची, डुकराची हाडं शेगडीत जाळून बघायची. दर वेळी हाडं उरायची. दहनगृहातल्या माणसानेही तिला सांगितलं की दोन तास प्रचंड उष्णतेत ठेवूनही हाडं राहतातच. १९४९ मध्ये जागा पुन्हा खणली, तेव्हा काही मणके निघाले. ते स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या नामांकित संग्रहालय-संशोधन संस्थेकडे गेले. तज्ज्ञाचं म्हणणं, सगळे एकाच व्यक्तीचे आहेत, वय साधारण १६ ते २२, आणि आगीची खूण नाही. म्हणजे बहुधा भरावाच्या मातीबरोबर दुसरीकडूनच आलेले. शिवाय घर इतक्या लवकर जळलं असेल तर मुलांचे पूर्ण सांगाडे मिळायला हवे होते, असंही त्याने नोंदवलं. त्याआधी, राखेत सापडलेलं हृदय म्हणून बंबाच्या प्रमुखाने पेटीत घालून पुरलेली वस्तू बाहेर काढली, तर ते गाईचं यकृत निघालं, आगीचा स्पर्शही न झालेलं. कुटुंबाला काहीतरी सापडल्याचं समाधान मिळावं म्हणून त्याने ते पुरलं, अशी वदंता आहे.

एवढं असूनही माझं रुपयात बारा आणे मत असं की मुलं त्याच रात्री गेली. पळवलं असेल तर मॉरिस चौदा वर्षांचा होता. त्याला आईबापांचं नाव, गाव, सगळं ठाऊक. पाचांपैकी एकानेही पुढच्या आयुष्यात घरी दोन ओळी लिहू नयेत? वाचलेल्या जॉन नावाच्या भावाने पहिल्या जबाबात, वर जाऊन भावंडांना उठवलं, असं सांगितलं होतं. नंतर म्हणाला की फक्त हाक मारली. आणि घर तळघरात कोसळून सकाळपर्यंत धुमसत होतं, त्यात पोराटोरांची कोवळी हाडं. राख सावडताना काकांनी मुठीमुठीने चाळली होती, तशी ती राख कुणी चाळलीच नाही. उरलेले चार आणे मात्र त्या तज्ज्ञाच्या अहवालापाशी अडतात.

आईबापांनी आशा सोडली नाही. १९५२ मध्ये त्यांनी हमरस्त्यावर पाचही मुलांच्या फोटोंचा भला मोठा फलक लावला, बक्षीस आधी ५,००० डॉलर, मग १०,०००. आगीनंतर वीसेक वर्षांनी केंटकी राज्यातून एक पाकीट आलं, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. आत पंचविशीतल्या तरुणाचा फोटो, मागे "लुईस सॉडर" असं नाव आणि अर्थ न लागणारे शब्द-आकडे. भुवई तशीच, नाक तसंच. त्यांनी तिकडे खासगी गुप्तहेर पाठवला, तो पुन्हा फिरकलाच नाही. फोटो फलकावर चढवला, पण ते गाव लिहिलं नाही, मुलाला कुणी इजा करील म्हणून. मोठी प्रत करून ती घरात भिंतीवर टांगली.

जॉर्ज १९६९ मध्ये गेला. मुलं जिवंत आहेत म्हणून रस्त्यावर फलक ठेवणारी जेनी आगीनंतर कायम काळेच कपडे घालायची, आणि जुन्या घराच्या जागेवरची बाग शेवटपर्यंत तीच राखत होती. ती १९८९ मध्ये वारली आणि मग घरच्यांनी फलक उतरवला.