लेकीला जन्मदात्रीचा शोध घ्यायचा आहे

प्रश्न : आम्ही कोरडवाहू शेती करतो. आमची मुलगी तीन महिन्यांची असताना संस्थेतून रीतसर दत्तक घेतली. आता ती 19 वर्षांची असून अमरावतीला शिकते. निकोल चुंग या कोरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेच्या आत्मकथनाविषयी वाचल्यापासून ती जन्मदात्रीला शोधायचे म्हणते. ‘तुझ्या मायने गरिबीपायी तुला सोडले’ असेच आम्ही तिला सांगत आलो. खरे काय ते आम्हालाही ठाऊक नाही. आमचे काय कमी पडले? मी आधी एकटीने संस्थेत जाऊन गुपचूप चौकशी करावी काय? तिचे त्या दिवशीचे झबले अजून माझ्या पेटीत आहे.
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : एकटीने जाऊ नका. दत्तक व्यक्तीच्या वतीने तिऱ्हाइताने मूळ शोधण्यास 2022 च्या दत्तक नियमावलीत मनाई आहे. मुलगी सज्ञान आहे. अर्ज तिनेच करायचा. जन्मदात्रीने सोपविताना नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर तिची संमती घ्यावी लागते. ती नकार देईल किंवा सापडणार नाही, तेव्हा मूल कोणत्या परिस्थितीत सोपविले गेले एवढे तरी मुलीला सांगितले जाते. मूल बेवारस सापडले असेल, तर ते संस्थेत कसे आले याचीच माहिती मिळू शकते.

चुंग यांनाही लहानपणी तुमच्यासारखीच मायेने घडविलेली गोष्ट सांगितली गेली होती : आईबाप नुकतेच कोरियाहून आलेले, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले, त्याचे नीट व्हावे म्हणून त्यांनी ते दिले. पहिल्या गरोदरपणात त्यांनी शोध घेतला, तेव्हा कळले की त्या घरात आई थोरल्या मुलीला मारहाण करीत असे आणि त्या मुलीला तर बाळ दगावल्याचेच सांगण्यात आले होते. पुढे ती बहीणच चुंग यांच्या सर्वांत जवळची झाली; जन्मदात्रीशी मात्र नाते जुळले नाही. हे सारे त्यांनी 2018 साली लिहिले, पण वाढविणाऱ्या आईबापांना त्यात कोठेही परके केलेले नाही. म्हणून ‘काय कमी पडले’ हा प्रश्न मुलीसमोर मांडू नका. तो ऐकून ती शोध सोडून देईल, पण मनातली ओढ तशीच राहील. गरिबीची गोष्ट हा आपला अंदाज होता, एवढे मात्र तिला सरळ सांगून टाका.

दिवाळीला ती घरी आली की पेटी तिच्यासमोर उघडा. झबले तिच्या हाती द्या आणि दत्तकाचा न्यायालयीन आदेश त्याच पेटीत असेल तर तोही द्या. अर्ज करताना तो जवळ असलेला बरा.