भाऊजी उचलतात, म्हणून तो विषय सोडायचा?

चाकणहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान कंपनीत कंत्राटावर, दोन मुलं, किराण्याला महिन्याचे 4,500 रुपये. वीस तारखेनंतर डाळीत पाणी वाढतं, मुलांचं दूध तर दिवाळीपासूनच बंद केलंय. ‘आता आणखी कुठे हात आखडता घेऊ?’ असं त्या विचारतात.

ताई, कुठेच नाही. तुमची यादी मी नीट वाचली. पाव किलो शेंगदाणे, सुटं तेल, साखर मोजूनमापून. त्यातली एकही ओळ खोडायची नाही. पण त्या यादीखाली तुम्ही कंसात लिहिलंय, ‘रेशनकार्ड गावी आहे, दहाही नावांचं 50 किलो धान्य भाऊजी उचलतात, त्यामुळे तो विषय सोडा.’

का सोडायचा? त्या दहात चार नावं तुमच्या घरातली आहेत. माणशी 5 किलो म्हणजे 20 किलो धान्य तुमचं, आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. तुम्ही मात्र दुकानातून गहू 38 नी आणि तांदूळ 46 नी आणता. निम्मे-निम्मे धरले तर 840 रुपये होतात. मुलांचं दूध त्यात गेलंय, ताई! मला याचा राग येतो, आणि थोडा तुमचाही येतो. पोरांच्या कपातलं दूध काढताना तुम्ही कुणाला विचारलं नाहीत, मग भाऊजींशी बोलायलाच एवढा संकोच का?

कार्ड फोडायची गरज नाही, नावं कमी करायला गावी खेटेही नकोत. कार्डाला आधार जोडलेलं असेल तर आपल्या वाट्याचं धान्य कुठल्याही रेशन दुकानात मिळतं आणि बाकीच्यांचं गावी मिळत राहतं. अडचण एकच: सगळा हिशेब मशीनवर असतो. भाऊजींनी आधी दहाही जणांचं उचललं, तर त्या महिन्यात तुम्हाला इथे काही मिळणार नाही. म्हणून फोन आधी व्हायला हवा.

तो फोन तुमच्या यजमानांनी करायचा, तुम्ही नाही. तुम्ही केलात तर ‘सुनेने घरात वाटण्या घातल्या’ असं गावभर होईल. त्यांनी केला तर दोन भावांचं बोलणं राहील. ‘भावाला काय वाटेल’ हे ते म्हणतील, तुम्ही तसं लिहिलंच आहे. त्यांना वीस तारखेनंतरच्या वरणाची वाटी दाखवा आणि समोर बसून फोन लावायला लावा. बोलायचंही एवढंच: ‘या महिन्यापासून आमच्या चौघांचं आम्ही इथे उचलतो, आई-दादांचं आणि तुमचं तू उचल.’ माफी मागायची नाही, कारणं द्यायची नाहीत.

हा फोन एक तारखेच्या आत झाला पाहिजे. मग कार्डाचा बारा अंकी नंबर आणि आधार घेऊन जवळच्या रेशन दुकानात जा, अंगठा द्या, पावती मागून घ्या. चौघांचंच उचला, सासू-सासऱ्यांच्या वाट्याला हात लावू नका. ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणून दुकानदाराने परत पाठवलं, तर तिथेच उभं राहून 1967 वर फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या. पहिल्या महिन्यात वाचलेल्या पैशातून अर्धा लिटरचा रतीब लावा, मग मला कळवा.