मूलगामी भूगोलाच्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवताना काय पाहावे?

शहरी विस्थापनावरील आपल्या प्रबंधातले एक प्रकरण ‘अँटिपोड’सारख्या मूलगामी भूगोलाच्या, म्हणजे जागा आणि जमीन यांतून विषमता कशी घडते याच्या मुळाशी जाणाऱ्या भूगोलशाखेच्या, नियतकालिकाकडे पाठवायचे आहे आणि ते निदान समीक्षकांपर्यंत, म्हणजे संपादक ज्यांच्याकडून निबंध तपासून घेतात त्या तज्ज्ञांपर्यंत, पोहोचावे यासाठी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. या क्षेत्रात मी लेखक म्हणून निबंध पाठवले आहेत आणि समीक्षक म्हणून इतरांचे वाचलेही आहेत. माझा पहिला निबंध समीक्षकांकडे न जाता नऊ दिवसांत संपादकांकडूनच परत आला होता, तेव्हा आधी त्याविषयी सांगतो.

‘रॅडिकल’ या शब्दासाठी मराठीत दोन शब्द सुचतात, जहाल आणि मूलगामी. माझा निबंध जहाल होता, मूलगामी नव्हता. त्यात सरकारवर आणि बांधकाम कंपन्यांवर कठोर टीका होती, विस्थापितांच्या मुलाखतींतले प्रभावी उतारे होते आणि शेवटी भांडवलशाहीचा निषेध होता. मात्र हे सगळे ज्या जागेवर घडले ती जागा केवळ पार्श्वभूमी म्हणून आली होती. ‘अन्याय झाला हे आम्हालाही मान्य आहे, पण तो समजून घेण्यासाठी भूगोलाची गरज का पडते, हे निबंधातून कळत नाही,’ अशा आशयाचे दोन ओळींचे उत्तर आले. ते मला तेव्हा उद्धट वाटले होते. पुढे समीक्षक झाल्यावर मीच तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा लिहिले.

मूळ कसे गाठायचे याचा उत्तम नमुना ‘अँटिपोड’च्याच इतिहासात आहे. हे नियतकालिक १९६९ साली अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात सुरू झाले आणि १९७२ मध्ये त्यात भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वी यांचा घेट्टोंच्या, म्हणजे शहरातील गरिबांच्या कोंडलेल्या वस्त्यांच्या, निर्मितीविषयीचा लेख आला. शहराच्या मध्यभागी जमीन महाग असूनही गरीब तेथेच दाटीने का राहतात, याचे उत्तर देणारा भूमिवापराचा सिद्धांत तेव्हा प्रचलित होता. हार्वी यांनी तो चुकीचा ठरवण्याचा खटाटोप केला नाही. सिद्धांत परिस्थितीचे वर्णन बरोबर करतो, हे मान्य करूनच ते म्हणाले, की असे असेल तर तो खरा राहू नये हेच आपले उद्दिष्ट असले पाहिजे. म्हणजे जमिनीसाठी चढाओढीने बोली लावण्याची जी यंत्रणा घेट्टो निर्माण करते, तीच नाहीशी करायला हवी. या युक्तिवादातून जमीन वगळली तर काहीच उरत नाही. आपल्या निबंधाची हीच परीक्षा घ्या: स्थळ, अंतर, सीमा, जमिनीचे भाडे, स्तर (स्थानिक, राष्ट्रीय, जागतिक) यांविषयीची सगळी वाक्ये खोडल्यावरही युक्तिवाद तसाच उभा राहत असेल, तर तो कदाचित चांगला समाजशास्त्रीय निबंध असेल, पण या नियतकालिकासाठी अजून तयार झालेला नाही.

प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे पाठवणे ही दुसरी मोठी चूक. आपण वाचन केले आहे हे प्रकरणाला परीक्षकांपुढे सिद्ध करावे लागते, म्हणून त्याचा पहिला तृतीयांश पूर्वसूरींच्या आढाव्यात जातो. निबंधाला मात्र चालू असलेल्या एखाद्या वादात शिरून त्यात एक पाऊल पुढे टाकावे लागते. त्यासाठी त्या नियतकालिकाचे गेल्या तीन-चार वर्षांचे अंक चाळा आणि आपला वाद नेमका कोणत्या दोन-तीन लेखांशी आहे ते ठरवा. विस्थापनावर लिहिताना भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांच्या १९७९ मधील ‘रेंट गॅप’ संकल्पनेचा, म्हणजे जमिनीतून आज मिळणारे भाडे आणि तिचा सर्वाधिक किफायतशीर वापर केल्यास मिळू शकणारे भाडे यांतील तफावतीचा, उल्लेख जवळजवळ प्रत्येक जण करतो. तुमच्या क्षेत्रकार्यात ती तफावत कोणी आणि कशी घडवून आणली, किंवा ती असूनही भांडवल का आले नाही, हे दाखवता आले तर तो उल्लेख सार्थ होईल. नाहीतर तो नमस्कारापुरता राहतो.

कोणते नियतकालिक निवडावे, हाही या क्षेत्रात राजकीय प्रश्न आहे. ‘अँटिपोड’ आज वायली या व्यापारी प्रकाशनसंस्थेमार्फत निघते आणि ज्ञानाच्या खासगीकरणावर टीका करणारा लेख पैसे भरून वाचावा लागण्याची शक्यता असते, ही विसंगती अनेकांना बोचते. २००२ पासून निघणारे याच क्षेत्रातले नियतकालिक ‘अ‍ॅक्मे’ लेखकाकडून किंवा वाचकाकडून पैसे घेत नाही आणि इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, इटालियन व स्पॅनिश भाषांतले लेखनही स्वीकारते. नोकरीसाठी नावाजलेल्या नियतकालिकाची गरज असलेल्या तरुण संशोधकाला तत्त्वाचा उपदेश करणे मला पटत नाही. निवड जाणीवपूर्वक करा, एवढेच म्हणेन. एका वेळी मात्र एकाच ठिकाणी पाठवा, कारण तो नियम सगळीकडे सारखा आहे.

तांत्रिक बाबी त्या-त्या नियतकालिकाच्या सूचनांत दिलेल्या असतात. त्यांपैकी नाव गुप्त ठेवण्याची बाब तेवढी सर्रास चुकते. मुखपृष्ठावरून नाव काढले जाते, पण फाइलच्या गुणधर्मांत, ऋणनिर्देशात किंवा ‘मी माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे’ अशा वाक्यात ते शिल्लक राहते. संपादकांना लिहायचे पत्र एका पानाचे असावे आणि युक्तिवाद काय, तो याच नियतकालिकात का, एवढेच त्यात असावे.

नकाशांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ज्या वस्तीवर बेदखलीची टांगती तलवार आहे, तिच्या घरांची आणि बैठकीच्या जागांची अचूक ठिकाणे छापणे म्हणजे ती पाडणाऱ्यांच्या हाती आयता नकाशा देणे होय. नावे बदलली तरी नकाशावरून माणसे ओळखू येतात. म्हणून कोणती माहिती मुद्दाम ढोबळ ठेवली आणि का, हे निबंधातच लिहा. कोणी अचूकतेची मागणी केलीच, तर संपादकांना कारण आधीच ठाऊक असेल.

निर्णय यायला काही महिने लागणे नेहमीचे आहे आणि बहुधा तो ‘मोठे बदल करून पुन्हा पाठवा’ असा असतो. ही चांगली बातमी आहे, हे मला कोणीतरी वेळीच सांगायला हवे होते. मी ते पत्र दोन महिने उघडलेच नव्हते. सुधारित निबंधासोबत प्रत्येक सूचनेवर काय केले याचे मुद्देसूद निवेदन द्यावे लागते. दोन समीक्षकांची मते परस्परविरोधी असतील, एकाला सिद्धांत अधिक हवा असेल आणि दुसऱ्याला मुलाखती अधिक, तर दोघांनाही खूश करण्यासाठी निबंध फुगवू नका. आपण कोणाची सूचना स्वीकारली आणि दुसऱ्याची का नाही, हे निवेदनाच्या सुरुवातीलाच संपादकांना उद्देशून सांगा, कारण अंतिम निर्णय त्यांचा असतो.