दोन मॉनिटर जोडायचेत? कन्व्हर्टर बदलण्याआधी टाइप-सी पोर्ट नीट बघा

तुमची केस मला समजली ती अशी: अकराव्या जनरेशनचा आय-फाइव्ह लॅपटॉप, त्याला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी, २४ इंची फुल एचडीचे दोन मॉनिटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एचडीएमआय स्प्लिटर आणला तर दोन्हीवर एकच चित्र, मग टाइप-सी टू एचडीएमआय कन्व्हर्टर लावला तर 'नो सिग्नल', आणि मिसेसचं एम१ मॅकबुक एअरपण ह्याच टेबलावर चालायला हवंय.

स्प्लिटर दुकानदार घेत असेल तर परत करून टाका. त्यात बिघाड काही नाहीये, त्याचं कामच तेवढं, एका सेटटॉप बॉक्सवर दोन टीव्ही लावले की दोन्हीकडे तीच सिरियल दिसणार. सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी त्यातून एक्स्टेंड, म्हणजे दोन मॉनिटरवर दोन वेगळी चित्रं, होणार नाही, कारण लॅपटॉपला तिकडे एकच स्क्रीन दिसतेय.

ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्या जनरेशनचं लॅपटॉपमधलं इंटेल ग्राफिक्स चार डिस्प्ले सांभाळतं, लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन धरून. घोळ बहुतेक टाइप-सी पोर्टचाच आहे. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार झाला, आतून डिस्प्लेचा सिग्नल बाहेर काढायचा की नाही ते कंपनीने ठरवलेलं असतं, आणि स्वस्तातल्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा फक्त डेटाच येतो. मोबाइलचा टॉर्च मारून पोर्टच्या शेजारी बघा. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, त्यातून डिस्प्ले निघतोच, मग प्रश्नच नाही. डी च्या पोटात पी घातल्यासारखं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट आहे, म्हणजे चित्र बाहेर निघतं. नुसतं एसएस आणि यूएसबीचा त्रिशूळ असेल तर शंका घ्या, पण चिन्ह नाही म्हणजे डिस्प्ले नाहीच असंही नसतं, काही कंपन्या छापतच नाहीत, तेव्हा मॉडेलची स्पेसिफिकेशन शीट काढून त्यात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लिहिलंय का ते वाचा.

त्याहून सोपी टेस्ट तुमच्या घरातच आहे. तोच कन्व्हर्टर, तीच केबल, तोच मॉनिटर मॅकबुकला लावा. मॅकबुकच्या दोन्ही टाइप-सी पोर्टमधून डिस्प्ले निघतो, त्यामुळे तिथे चित्र आलं तर कन्व्हर्टर चांगला आहे आणि तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट बहुतेक डेटावाला, तिथेही नाही आलं तर कन्व्हर्टर किंवा केबल बाद. दोन मिनिटांचं काम आहे, हे केल्याशिवाय नवीन काही मागवू नका.

पोर्ट डिस्प्लेवाला निघाला तर एक मॉनिटर एचडीएमआयवर, दुसरा टाइप-सीवर, संपलं. हजारो रुपयांचा डॉक, म्हणजे बरेच पोर्ट देणारा डबा, फुल एचडीसाठी कशाला? उद्या ४के घ्यायचा झाला तर मात्र कन्व्हर्टर ६० हर्ट्झवाला (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) बघून घ्या, स्वस्तातले बरेच ३० हर्ट्झलाच अडकतात आणि मग माउसचा बाण झटके देत सरकतो, त्यावर दिवसभर काम करणं म्हणजे डोक्याला ताप.

पोर्ट डेटावाला निघाला तर दुसऱ्या मॉनिटरसाठी डिस्प्लेलिंक चिप असलेला यूएसबी अडॅप्टर लागेल. हा साध्या यूएसबी ३.० वरपण चालतो, पण ड्रायव्हर टाकावा लागतो आणि चित्र कॉम्प्रेस होऊन जातं, थोडा लोड प्रोसेसरवर येतो. एक्सेल, ईमेल, कोडिंगला बिनधास्त घ्या. गेमिंगला नको.

आता मॅकबुक. एम१ एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, ती ॲपलनेच ठेवलेली मर्यादा आहे, एम२ एअरलाही तेच, एम३ एअरला झाकण बंद ठेवून दोन चालतात आणि एम४ ला झाकण उघडं ठेवूनही. दोन एचडीएमआयवाले स्वस्त हब विंडोजवर एमएसटी (एकाच पोर्टमधून दोन मॉनिटरचे सिग्नल पाठवायची पद्धत) वापरून दोन वेगळी चित्रं देतात, पण मॅकओएस त्या पद्धतीने एक्स्टेंड करत नाही, दोन्हीवर एकच चित्र येतं, म्हणजे तुमच्या स्प्लिटरचाच किस्सा परत, फक्त महागात. तिथेही दुसऱ्या मॉनिटरला डिस्प्लेलिंकच. त्यामुळे तसाही अडॅप्टर घ्यायची वेळ आली तर तोच एक दोघांत फिरवता येईल. मॅकवर डिस्प्लेलिंकचं ॲप टाकल्यावर ते स्क्रीन रेकॉर्डिंगची परमिशन मागतं, घाबरू नका, त्याशिवाय ते चालतच नाही, आणि त्याच कारणाने ते सुरू असताना नेटफ्लिक्ससारख्या ॲपमध्ये चित्राच्या जागी काळं दिसू शकतं.

जोडून झालं की विंडोज बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे चौकोन टेबलावर जसे ठेवलेत तसेच ओढून लावा, नाहीतर बाण उजवीकडे न्यायला जाल आणि तो डावीकडच्या मॉनिटरवर निघेल. मॉनिटर ७५ किंवा १०० हर्ट्झचे असतील तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन बघा, बरेचदा ६० वरच राहिलेले असतात. लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' करा.

मॅकबुकवरची टेस्ट करून काय होतंय ते कळवा, आणि लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाका, नुसतं सिरीजचं नाव नको, एकाच सिरीजमध्ये दोन्ही प्रकारचे पोर्ट असतात.